आमच्या एमबीएच्या पोरांचा ‘खुला बाजार’ गट आणि शेजारचं वाशी मार्केट

अर्धी_एमबीए | सोमवार, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी राहायला कळव्यात, नवी मुंबईतल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आम्ही नऊ जणांनी मिळून कॉलेजात एक गट सुरू केलाय. विषय: खुली बाजारपेठ, स्पर्धा, सरकारने धंद्यात किती हात घालावा वगैरे. कल्पना उसनी आहे. अमेरिकेत मॅनहॅटन इन्स्टिट्यूट या धोरण-अभ्यास संस्थेने २०११ साली, अठराव्या शतकातल्या अर्थतज्ज्ञाच्या नावाने, ‘अ‍ॅडम स्मिथ सोसायटी’ काढली. तिच्या शाखा तिथल्या बिझनेस स्कूलांत आहेत. विद्यार्थी आणि नोकरीधंद्यातली माणसं एकत्र जमतात, भांडवलशाहीच्या बऱ्यावाईटावर बोलतात. आमच्यातल्या एकाच्या चुलतभावाने तिकडून सांगितलं आणि आमच्या डोक्यात किडा शिरला. त्यांचा आमचा संबंध शून्य. खर्चाला दर महिना डोई दोनशे रुपये काढतो, त्यातले बरेचसे चहा-समोशातच जातात.

आता खरी गोष्ट. पहिल्या कार्यक्रमाला टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखानदारांना बोलावलं होतं. चाळीस मिनिटं फर्डं बोलले. सरकारने रस्ते, पोलीस, कोर्ट एवढंच बघावं, बाकी सोडून द्यावं. टाळ्या. मग पहिल्या वर्षाचा एक मुलगा उठला आणि विचारलं, “सर, मग तुमच्या मालासारखा माल चीनमधून येतो त्यावरची ड्युटी काढायची का?” साहेब एका श्वासात म्हणाले, “ती कशी काढून चालेल? ती वाढवायला पाहिजे!” हॉलमध्ये जो हशा पिकला तो पाच मिनिटं थांबेना. साहेब चहाला न थांबता गेले. डीन मॅडमनी मला बोलावून घेतलं, ते वेगळं.

प्रश्न असा की पुढे कोणाला बोलवावं? आणि हे सगळं मराठीतून करावं का? आमच्यातले सहा जण घरी मराठीच बोलतात, पण ‘मार्केट’ म्हटलं की तोंडातून इंग्रजीच येतं.

तलावपाळी_७३ | सोमवार, रात्री ११.५८

हुशार आहे तो पहिल्या वर्षाचा मुलगा. त्याला अध्यक्ष करा.

तीन_हात_नाका | मंगळवार, सकाळी ७.१५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दुपारपर्यंत ‘भांडवलदारांचे दलाल’ हा शब्द येणार, पैज.

लाल_डबा | मंगळवार, सकाळी ९.२०

पैज जिंकलात. भांडवलदारांचे दलाल.

आता गंभीरपणे. अशा गटांना पैसे पुरवणारं कोणी ना कोणी असतंच. तुमच्या गटाला आज नसेल, उद्या येईल. मॅनहॅटन इन्स्टिट्यूटचं मूळ शोधा. १९७८ साली ती उभी करण्यात अँटनी फिशर होते. त्यांनीच १९५५ साली लंडनमध्ये अशीच एक संस्था काढली होती. माणसाने कोंबड्यांच्या धंद्यात पैसा केला आणि तो विचार पसरवण्यात घातला. त्यात बेकायदा काही नाही. फक्त ‘आम्ही आपले विद्यार्थी, नुसत्या गप्पा मारतो’ एवढं ते साधं नसतं, इतकंच म्हणणं आहे.

अर्धी_एमबीए | मंगळवार, दुपारी १.०५

@लाल_डबा, कोंबड्यांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. आमच्याकडे कोंबडीवाला आला तर आधी बिर्याणी मागू.

सेवानिवृत्त_कोपरीकर | मंगळवार, दुपारी ४.३०

बाळ, वय वर्षे ७६, म्हणून जरा लांबण लागेल.

हे अमेरिकेतून आणायची गरज नव्हती गं. १९५६ साली मुंबईत अ. द. श्रॉफ यांनी ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ काढला. त्या काळात खाजगी उद्योगाची बाजू घेणं म्हणजे चारचौघांत शिवी खाणं. कायदेपंडित नानी पालखीवाला अर्थसंकल्पावर बोलायचे, सुरुवात एका हॉटेलातल्या छोट्या हॉलपासून, आणि पुढे ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं. माझे वडील मला एकदा घेऊन गेले होते. ठाण्याहून लोकलने बोरीबंदर, तिथून चालत. मी कॉलेजात होतो, अर्धं डोक्यावरून गेलं. पण अंदाजपत्रक ऐकायला स्टेडियम भरतं, हे दृश्य विसरलो नाही. आज क्रिकेटला भरलं तर नवल.

राजकारणात १९५९ साली स्वतंत्र पक्ष आला. राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा. काँग्रेसने नागपूरला सामुदायिक शेतीचा ठराव केला, त्याला विरोध म्हणून. ‘लायसन्स-परमिट राज’ हा शब्द राजाजींचा. १९६७ला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या, पुढच्या निवडणुकीत कोसळले, १९७४ला पक्षच विलीन झाला. लोक म्हणायचे, राजेमहाराजे आणि शेठजींचा पक्ष. ते सगळंच खोटं होतं असं नाही.

माझं मत विचाराल तर तिथेच गाडी अडली. बाजाराच्या बाजूने बोलणारा माणूस नेहमी सुटाबुटातला. तुमचे कारखानदार साहेब त्यातलेच.

तलावपाळी_७३ | मंगळवार, सायंकाळी ६.१०

काका, वाचनखूण साठवली. अजून लिहा.

बांधावरून | मंगळवार, रात्री ९.४५

कोपरीकर काका, एक नाव राहिलं आणि तेच नाव या धाग्याचा जीव आहे. शरद जोशी.

सुटाबुटातलाच माणूस होता म्हणा की. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात नोकरी. ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, शेती करून बघितली आणि हिशेब मांडला की शेतकरी कामचुकार नाही, त्याला भावच मिळू दिला जात नाही. १९८०च्या नाशिक जिल्ह्यातल्या कांदा-ऊस आंदोलनात आमचे आजोबा रस्त्यावर बसले होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्यांच्या तोंडून ऐकत मोठा झालो. सरकार मदत करत नाही ही जोशींची तक्रारच नव्हती. सरकार हात पिरगाळतं ही तक्रार होती: निर्यातबंदी, लेव्ही (सरकारी दराने सक्तीची खरेदी), साठ्यांवर मर्यादा. सगळे डावे-उजवे गॅट या जागतिक व्यापार कराराच्या नावाने बोटं मोडत होते तेव्हा हा माणूस शेतकऱ्यांना सांगत होता, बाजार खुला होऊ द्या, घाबरू नका. १९९४ला ‘स्वतंत्र भारत पक्ष’ काढला, नाव राजाजींच्या पक्षाची आठवण देणारं.

आणि हे जुनं झालंय असं समजू नका. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, मे २०२४मध्ये बंदी उठली पण शुल्क आणि किमान निर्यातमूल्य राहिलं, शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडलं. भाव चढला की शहराचं डोकं दुखतं म्हणून दार बंद. पडला की कोणाचंच दुखत नाही. आमच्या घरी त्या डिसेंबरात कांदाचाळीत साठवलेला कांदा काढायचा की ठेवायचा, यावर बाबा आणि काका आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

अर्धी_एमबीए, तुझ्या कॉलेजपासून वाशीचं कांदा-बटाटा मार्केट किती लांब आहे? गेली आहेस कधी?

अर्धी_एमबीए | मंगळवार, रात्री १०.२०

रिक्षाने पंधरा मिनिटं. आणि नाही, कधीच गेले नाही. खरंच लाज वाटली हे टाइप करताना.

तीन_हात_नाका | बुधवार, सकाळी ८.४०

रिक्षा म्हटल्यावर राहवत नाही. तुमच्या गटासाठी फुकटचा केस स्टडी: ठाणे स्टेशन. रिक्षा परवाने वर्षानुवर्षं गोठवलेले होते, परवाना लाखांत ‘भाड्याने’ फिरायचा. २०१७ला राज्याने मर्यादा उठवली. खुल्या बाजारवाल्यांनी आनंदाने नाचावं असा निर्णय. रिक्षा उदंड झाल्या. आता रात्री साडेनऊला स्टेशनबाहेरच्या सॅटीस पुलाखाली उभं राहा आणि जवळच्या भाड्याला कोणी येतं का बघा. “पाचपाखाडी? नाय.” मान हलते ती पण पूर्ण नाही, अर्धीच.

लाल_डबा | बुधवार, सकाळी ९.०५

म्हणजे मोकळीक दिली तरी गिऱ्हाईक रस्त्यावरच. मी हेच म्हणतोय.

बांधावरून | बुधवार, सकाळी ९.५०

अर्धीच मोकळीक दिली ना! रिक्षा किती हे सोडलं, भाडं किती हे सरकारकडेच. रांगेत पाऊण तास थांबलेल्याला दीड किलोमीटरचे २६ रुपये परवडत नाहीत, तो नाही म्हणणारच. भाव हलू देत नाही तिथे माणूस मान हलवतो.

तीन_हात_नाका | बुधवार, सकाळी १०.०२

आणि भाव हलू दिला तर पावसात पाचपाखाडीचे दोनशे. ॲपवाल्यांनी दाखवलंय. असो, धागा हायजॅक करत नाही.

गावठाण | बुधवार, रात्री ११.३०

मी घणसोलीचा. इथे सगळे ‘सरकारने बाजारात पडू नये’ म्हणताय, मग आमची गोष्ट पण ऐका.

सिडको १९७०ला आली. ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, सगळं. भाव कोणी ठरवला? ज्याने घेतली त्याने. आमच्या आजोबांनी विकायला काढली नव्हती. १९८४ला दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर आले, जासई-नवघर भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. त्याच जमिनीवर आज ज्या किमतीत फ्लॅट जातात तो आकडा इथे लिहीत नाही, झोप उडेल.

मला कोणी अ‍ॅडम स्मिथ शिकवायला आला तर विचारीन, मालमत्तेचा हक्क म्हणजे टॉवरवाल्याचा की भातवाल्याचा पण? तुमच्या गटाने यावर एकदा जरी बसून चर्चा केली तर मी स्वतः येऊन बोंबील खाऊ घालीन.

अर्धी_एमबीए | गुरुवार, रात्री १२.१५

@गावठाण, आमचं कॉलेज ज्या सेक्टरमध्ये आहे तिथेही कोणाची तरी शेती असणार. दोन वर्षांत एकाही वर्गात हे आलेलं नाही. गटात विषय मांडते. बोंबलाचं लिहून ठेवलंय.

सेवानिवृत्त_कोपरीकर | गुरुवार, सकाळी ६.५०

गावठाणभाऊंनी योग्य नस पकडली. खुद्द अ‍ॅडम स्मिथ व्यापाऱ्यांचा वकील नव्हता. १७७६च्या ग्रंथात तो म्हणतो त्याचा भावार्थ असा की एकाच धंद्यातले लोक करमणुकीला जरी जमले तरी बोलणं शेवटी जनतेविरुद्धच्या कटावर किंवा भाव चढवण्याच्या युक्तीवर जातं. मजेची बाब म्हणजे मुक्त व्यापाराचा हा पुरस्कर्ता १७७८ साली एडिंबरोला जकात आयुक्त झाला. पोटापाण्यापुढे सिद्धांत थोडा वाकतो, तुमच्या कारखानदारांना माफ करा.

संपादक: धागा ‘अर्थकारण’ विभागात हलवला आहे. बोंबलाबद्दलची चर्चा ‘पाककृती’मध्ये करावी.

अर्धी_एमबीए | रविवार, रात्री ९.१०

वृत्तांत आणलाय. काल पहाटे आम्ही पाच जण वाशीच्या बाजार समितीत गेलो. कांदा-बटाट्याला जायचं होतं, पण एकाच्या ओळखीचे आडते (दलालीवर शेतकऱ्याचा माल विकून देणारे) फळ मार्केटात आहेत, आणि हापूसचे दिवस. साडेपाचला पोहोचलो.

आधी वास. गवत, पिकलेला आंबा, डिझेल आणि कुठेतरी सडलेलं कलिंगड. मग पाय. पेंढ्यावर चालायचं असतं आणि मागून “ए, बाजूला!” ऐकू आलं की खरंच बाजूला व्हायचं असतं, कारण पाठीवर ओझं असलेला माणूस थांबत नाही. आमच्यातल्या एकाने पांढरे शूज घातले होते. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

गाळ्यासमोर पेट्या उघड्या ठेवलेल्या. गिऱ्हाईक आला, वरचे चार आंबे उचलले, एक खालच्या थरातून काढला, देठाजवळ दाबून हुंगला. मग आडत्याने खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. रुमालाखाली बोटं हलली. गिऱ्हाइकाने मान नकारार्थी हलवली. पुन्हा बोटं. आडत्या हसला, कोणाकडे तरी बघून काहीतरी दुसरंच बोलला, म्हणजे भाव ठरला की नाही हे आम्हाला कळलंच नाही. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. तिसऱ्यांदा रुमाल निघाला तेव्हा पोरगा पेट्या उचलायला लागला, त्यावरून कळलं.

मी आपली भाबडेपणाने विचारायला गेले, “काका, कितीला ठरलं?” ते म्हणाले, “पोरी, इथे भाव विचारायचा नसतो. घ्यायचा असेल तर हात दे.”

आम्हाला वर्गात शिकवतात की बाजारभाव म्हणजे माहिती. हजारो लोकांच्या डोक्यात विखुरलेली माहिती एका आकड्यात गोळा होते आणि सगळ्यांना दिसते. अर्थतज्ज्ञ हायेकचा सिद्धांत आहे, परीक्षेत सात मार्कांना येतो. आणि इथे तो आकडा रुमालाखाली. ज्याचा आंबा आहे तो रत्नागिरीत, त्याला तर रुमालसुद्धा दिसत नाही.

परत येताना रिक्षात कोणी फारसं बोललं नाही. मग एक जण म्हणाला, “अरे, हा फ्री मार्केट आहे की नाही?” कोणालाच धड उत्तर देता आलं नाही.

हापूसवाला_नाही_बागायतदार | रविवार, रात्री १०.४०

मी देऊ का उत्तर? आमची कलमं आहेत देवगड तालुक्यात, मी नोकरीला ठाण्यात.

आंब्याची पट्टी बघितली आहेस का? माल विकल्यावर आडत्या पाठवतो ती हिशेबाची चिठ्ठी. मागच्या मोसमात ३२ पेट्या एका गाळ्यावर लावल्या. पट्टीवर भाडं, हमाली, तोलाई सगळं पैशापैशाने मांडलेलं. भावाचा आकडा तेवढा हाताने लिहिलेला, तोही खोडून. फोन केला तर म्हणे, “माल हलका होता, डाग होते.” असतीलही. मी कुठे बघितले? माझा माल, पण विकला जाताना मी तिथे नाही.

तू म्हणशील, दुसरा आडत्या बघ. बरोबर आहे, पण मोहोर येतो तेव्हा फवारणीला पैसे लागतात, पेट्यांना लागतात, राखणदाराला लागतात. ते पैसे डिसेंबर-जानेवारीत कोण देतं? तोच आडत्या देतो, उचल म्हणून. बँक विचारते सातबारावर किती जणांची नावं आहेत, आमच्याकडे चौदा आहेत. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर. २०१६पासून फळं-भाजी बाजार समितीबाहेर विकायला कायद्याने मोकळीक आहे, आडत शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदाराने द्यायची असंही झालं. कायदा मोकळा झाला, उचल तशीच आहे.

आता आम्ही निम्मा माल थेट देतो. गावदेवी मैदानावरच्या आंबा महोत्सवात आणि घोडबंदरच्या सोसायट्यांत व्हॉट्सॲपवर. भाव बरा मिळतो. पण तिथे दुसरा ताप: शेजारचा स्टॉलवाला कर्नाटकचा आंबा ‘देवगड’ म्हणून आमच्यापेक्षा दोनशेने स्वस्त विकतो. २०१८ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचं स्टिकर लावतो. गिऱ्हाईक स्टिकर वाचत नाही, विचारतो, “गोड आहे ना?”

बांधावरून | रविवार, रात्री ११.०५

उचल हा शब्द एमबीएच्या सगळ्या पुस्तकांवर ठळक छापला पाहिजे.

लाल_डबा | सोमवार, सकाळी ८.३०

पहिल्यांदाच बांधावरूनशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कोपरखैरणे_सेक्टर_अमुक | सोमवार, रात्री १०.५०

सगळं वाचलं. “पाठीवर ओझं असलेला माणूस थांबत नाही” असं ताईंनी लिहिलंय. तो माणूस माझा बाप आहे. म्हणजे होता, आता निवृत्त. माथाडी, कांदा-बटाटा मार्केट, तेहेतीस वर्षं.

आमचं गाव जावळी तालुक्यात, सातारा जिल्हा. बाबांचे चुलते मशीद बंदरला होते, तेव्हा माथाडी कायदा नव्हता. मुकादम सांगेल तो भाव, काम असेल त्या दिवशी पैसे, पाय मोडला तर गावची एसटी. तो पण खुला बाजारच होता की. कोणी कोणावर सक्ती करत नव्हतं, फक्त दुसरा पर्याय नव्हता. मग अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, १९६९ला कायदा झाला, बोर्ड आलं. मजुरी बोर्डात जमा, त्यातून फंड, दवाखाना, सुट्टीचे पैसे. मी इंजिनिअर झालो तो त्या बोर्डाच्या जोरावर. माझ्यासमोर ‘सगळे नियम काढून टाका’ म्हणताना जरा जपून.

पण खोटंही बोलणार नाही. आता मार्केटात नाव एकाचं, पाठ दुसऱ्याची असंही चालतं. नोंदणीचा बिल्ला असलेला बसून आणि बदली पोरगा ओझी उचलतो, त्याला ना फंड ना दवाखाना. बाबांना याचा राग येतो, आणि बोलायचीही चोरी, कारण बसलेल्यांत नातेवाईक आहेत. कारखानदाराला ड्युटी सोडवत नाही, तसं आमच्यातल्या काहींना बिल्ला सोडवत नाही.

अर्धी_एमबीए | सोमवार, रात्री ११.२५

दादा, हे वाचून तीनदा उत्तर लिहिलं आणि खोडलं. तुमचे बाबा आमच्या गटाशी बोलतील का? कॉलेजात नको. डीन मॅडमना पुन्हा समजावत बसावं लागेल, आणि त्यांनाही ते एसी, कॉलर माईक वगैरे अवघड होईल. तुम्ही म्हणाल तिथे येतो.

लाल_डबा | सोमवार, रात्री ११.४०

एक शंका. हे सगळं करून गटाचं नाव ‘खुला बाजार’च राहणार का?

अर्धी_एमबीए | सोमवार, रात्री ११.५२

राहणार. मी अजूनही त्याच बाजूची आहे. बागायतदार दादांना दहा आडते आणि एक सरळ बँक मिळाली तर रुमाल आपोआप उठेल असं मला वाटतं. नऊपैकी दोघांना आता तसं वाटत नाही, त्यांनी दोनशे रुपये परत मागितले होते. दिले नाहीत, समोसे खाल्लेत त्यांनी.

कोपरखैरणे_सेक्टर_अमुक | मंगळवार, रात्री ९.३०

बाबांना वाचून दाखवलं. आधी म्हणाले, मी काय बोलणार, मला कुठे इंग्रजी येतं. मराठीत आहे म्हटल्यावर बरं म्हणाले. एक अट आहे. म्हणाले, साडेपाचला आलेल्यांनी मार्केट बघितलं असं सांगू नये, तोवर गाड्या खाली झालेल्या असतात. शनिवारी तीनला यायचं, कांदा-बटाट्याच्या गेटवर. आणि पांढरे बूट नकोत.

अर्धी_एमबीए | मंगळवार, रात्री ९.४८

येतो! फक्त रात्री तीनला कळव्याहून लोकल नाही आणि घरचे रिक्षाने एकटीला सोडणार नाहीत. ठाण्याकडून कोणी येणारं आहे का?

तलावपाळी_७३ | मंगळवार, रात्री १०.०५

मी आणि आमचे हे येतो. यांना झोप तशीही नसते. कळवा नाक्याला सव्वादोनला उभी राहा, आईचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी बोलते त्यांच्याशी. गाडीत तिघांची जागा आहे. पिशव्या आण, फळ मार्केटात पण डोकावू. हात मी देईन, चाळीस वर्षं भाजी घेतेय.